सुनेच्या माहेरचा सण

भोपाळच्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांचा मुलगा काही वर्षे डब्लिन येथे नोकरीस होता. तेथील एका मुलीशी त्याने विवाह केला आणि आता उभयता भोपाळला घरी राहावयास आली आहेत. पत्रात त्या लिहितात, ‘१७ मार्चला सूनबाईच्या देशाचा मोठा सण असतो. इथे आल्यापासूनचा तिचा हा पहिलाच मार्च. त्या दिवशी तिला परके वाटू नये अशी इच्छा आहे. पण आमच्या घरात मांस शिजत नाही आणि मद्य तर उंबऱ्याच्या आत येत नाही. हिरवा रंग घालून केक केला तर सण साजरा झाला असे होईल का?’

प्रश्न एका घरचा आहे, पण आज अनेक घरांत तो वेगवेगळ्या रूपांनी उभा राहतो. कोणाचा जावई दूरदेशीचा असतो, तर कोणाच्या मुलीची मैत्रीण सुटीत पाहुणी येते. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

प्रथम सणाची ओळख करून घेऊ. पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारे संत पॅट्रिक यांची ही पुण्यतिथी मानली जाते. १९०३ पासून तेथे या दिवशी सार्वजनिक सुटी असते. सकाळी चर्च, कोटाला शॅमरॉकची त्रिदली पाने आणि मग घरच्यांसह जेवण, ही जुनी रीत. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळात हा दिवस येत असल्याने भाविकांना तो मधल्या विसाव्यासारखा वाटे. मिरवणुकांचा थाटमाट मात्र प्रामुख्याने समुद्रापलीकडे गेलेल्या आयरिश लोकांनी वाढवला. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची आहे, आणि शिकागोची नदी हिरवी रंगवण्याची प्रथा १९६२ मध्ये सुरू झाली. खारवलेले गोमांस आणि कोबी हे ज्याला ‘आयरिश जेवण’ म्हणून जगभर ओळखतात, तेही अमेरिकेतील आयरिश वस्त्यांचे. मायदेशी कोबीबरोबर डुकराचे खारवलेले मांस शिजे. इतकेच नव्हे, तर विसाव्या शतकात कित्येक वर्षे आयर्लंडमधील मद्यगृहे या दिवशी कायद्याने बंद असत! तेव्हा घरात मद्य नाही म्हणून सण उणा राहील ही चिंता मनातून काढून टाकावी, आणि हिरव्या रंगाची बाटली फळीवरच राहू द्यावी.

हिरवेपणा हवाच असेल तर तो आपल्या मंडईत आहे. संत पॅट्रिक यांनी शॅमरॉकच्या तीन दलांवरून ईश्वराच्या त्रिरूपाची कल्पना समजावली, अशी आख्यायिका आहे. बेलाचे त्रिदल वाहणाऱ्या आपल्या घरांना ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही. आणखी एक गंमत अशी की, शॅमरॉक आणि आपली मेथी या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जवळच्या नातलग आहेत. मेथीचे पान निरखून पाहा, त्यालाही तीनच दले असतात. कोवळ्या मेथीची एक जुडी पाण्याच्या पेल्यात उभी करून मेजावर ठेवली की सजावट झाली.

आता मुख्य गोष्ट, बटाटा. आयरिश स्वयंपाकात बटाटा केवळ भाजी नाही, तो तेथील इतिहासाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील गरीब शेतकरी जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर जगत असे. १८४५ मध्ये पिकावर करपा पडला, आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५० हजारांच्या घरात आली. याच काळात त्या देशातून धान्य बाहेर जातच होते. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातील सुकडी ज्यांना आठवते, त्यांना या आकड्यांमागचे दुःख सांगावयास नको. त्या दुष्काळात मदतीसाठी आरंभी ज्या मोठ्या रकमा गोळा झाल्या, त्यांत कलकत्त्याहून गेलेला सुमारे १४,००० पौंडांचा निधी होता. तेथे चाकरीस असलेल्या आयरिश सैनिकांनीही त्यात आपला वाटा घातला होता. सूनबाईच्या ताटात बटाटा वाढताना ही हकिकत घरातल्या मुलांना अवश्य सांगावी.

आणि याच बटाट्याचा ‘कोलकॅनन’ हा पदार्थ आपल्या भगिनीच्या अडचणीचे उत्तर आहे, कारण त्यात मांसाचा लवलेश नाही.

कोलकॅनन (सहा जणांसाठी)

साहित्य : बटाटे १ किलो, कोबी पाव किलो, कांद्याची पात ४-५ काड्या, दूध दीड वाटी, लोणी ७५ ग्रॅम, मीठ व मिरपूड.

कृती : बटाटे पिठूळ जातीचे व जुने निवडावेत, कारण नव्या बटाट्यांचा लगदा चिकट होतो. ते सालीसकट उकडावेत, पाणी काढून टाकून पातेले मिनिटभर मंद आचेवर ठेवावे, म्हणजे अंगचा ओलावा उडून जातो. गरम असतानाच सोलून हाताने कुस्करावेत. यंत्रात मुळीच फिरवू नयेत, त्याने खळ तयार होते. कोबी बारीक चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवावा व निथळून घ्यावा. दुधात चिरलेली पात घालून एक उकळी आणावी. हे दूध, कोबी, मीठ व मिरपूड बटाट्यात मिसळून सारे हलके होईपर्यंत घोटावे. वाढताना आमटीसाठी भाताचे आळे करतो तसे मधोमध आळे करून त्यात लोणी सोडावे. प्रत्येक घास त्या वितळत्या लोण्यात बुडवून खावयाचा असतो. यात हळद, मोहरी, हिरवी मिरची घालण्याचा मोह होईल. पण या एका दिवशी तो आवरावा. पदार्थ मिळमिळीत वाटला तर लोणचे आपल्या ताटात घ्यावे, कोलकॅननमध्ये घालू नये.

दुसरा पदार्थ सोड्याचा पाव. आयर्लंडचा गहू मऊ असतो, त्यात चिवटपणा कमी, म्हणून यीस्टने फुगणारा पाव त्याचा चांगला होत नसे. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा घरोघर पोहोचला आणि ही अडचण सुटली. ताकातील आंबटपणा व सोडा एकत्र येताच वायू सुटतो आणि पीठ फुगते. जुन्या घरांत तो पाव झाकणाच्या लोखंडी भांड्यात, वर-खाली निखारे ठेवून भाजत असत. आपल्या आज्या नानकटाई जशी भाजत, तशीच ही रीत.

सोड्याचा पाव

साहित्य : मैदा व कणीक मिळून ४५० ग्रॅम, खाण्याचा सोडा १ सपाट चहाचा चमचा, मीठ १ चमचा, दाट आंबट ताक सुमारे ३५० ते ४०० मिलिलिटर.

कृती : पीठ, मीठ व सोडा दोनदा चाळून घ्यावे. मध्ये खळगा करून त्यात ताक ओतावे आणि बोटे पसरून हाताने गोल फिरवत पीठ गोळा करावे. येथे एक इशारा. हे पीठ मळावयाचे नसते. प्रस्तुत लेखिकेने पहिल्या वेळी पोळ्यांच्या सवयीने ते चांगले दहा मिनिटे मळले, आणि जो पाव निघाला त्याने वरवंट्याशी सामना केला असता! पीठ जेमतेम एकत्र आले की जाड गोल थापावे, वर सुरीने खोल फुली पाडावी आणि लगेच भट्टीत घालावे, कारण वायू वाट पाहत नाही. प्रथम २३० अंश सेल्सियसवर १५ मिनिटे, मग २०० अंशांवर सुमारे अर्धा तास भाजावे. पालथा करून बुडावर टकटक केल्यास पोकळ आवाज आला, की पाव झाला असे समजावे.

घरात भट्टी नसल्यास खंत नको. उत्तर आयर्लंडमध्ये हेच पीठ बोटभर जाड थापून, त्याचे चार चतकोर करून तव्यावर भाजतात. जाड तवा, मंद आच आणि दोन्ही बाजूंस सात-आठ मिनिटे एवढे पुरे. अर्ध्या पिठात मूठभर मनुका घातल्या की मुलांसाठी गोडाचीही सोय होते. पावाला लोणी व मुरांबा लावून द्यावा.

ज्या घरांत मांसाहार चालतो, त्यांनी आयरिश स्ट्यू करावा. मटणाचे मानेकडील तुकडे, कांदे, बटाटे, मीठ, मिरपूड व पाणी एवढेच त्याचे साहित्य. मंद आचेवर दीड ते दोन तास शिजू द्यावे. त्यात थाइम नावाची सुवासिक पाने घालतात. ती न मिळाल्यास चिमूटभर ओवा चालेल, कारण दोहोंच्या वासाचे मूळ द्रव्य एकच आहे.

आता पेये. आयरिश लोक चहाचे मोठे भोक्ते. दरडोई चहा पिण्यात तो देश जगात अग्रभागी आहे, आणि तेथील कडक चहाच्या मिश्रणात आपल्या आसामची पत्ती असते. फरक इतकाच, की ते चहा दुधात उकळत नाहीत. किटलीत पत्तीवर उकळते पाणी ओतून चार-पाच मिनिटे मुरू देतात आणि दूध पेल्यात घेतात. ‘आयरिश कॉफी’ १९४० नंतरच्या दशकात फॉइन्स येथील विमानतळावर जन्मली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून येणाऱ्या गारठलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन या आचाऱ्याने ती केली. मुळात तिच्यात व्हिस्की असते. आपण ती वगळावी. गरम कडक कॉफीत दोन चमचे तपकिरी साखर पूर्ण विरघळवावी आणि अर्धवट घुसळलेली साय चमच्याच्या पाठीवरून हलकेच वर सोडावी. साखरेने कॉफी जड होते, म्हणून साय तरंगते. ढवळू नये, सायीतूनच घोट घ्यावा.

बेत असा आखावा. आदल्या दिवशी ताक आंबवून ठेवावे व बटाटे निवडावेत. सकाळी कोबी व पात चिरून ठेवावी. दुपारनंतर पाव भाजावा आणि कोलकॅनन अगदी शेवटी करावे, ते निवले की त्याची चव जाते. व्रतकाळ असल्याने सूनबाईने एखादा पदार्थ वर्ज्य केला आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

आपल्या भगिनीस शेवटी एकच सांगावेसे वाटते. सारे काही गुपचूप करून सुनेला चकित करण्याचा विचार असेल तर तो सोडावा. पाव तिलाच करू द्यावा, आपण हाताखाली राहावे. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा १७ मार्चला आयर्लंडमध्ये सकाळचे साडेदहा झालेले असतात. त्या वेळी तिच्या आईला दूरध्वनी लावावा आणि ‘तुमच्या घरी ताक किती घालतात?’ असे आपणच विचारावे. प्रत्येक घरचे प्रमाण थोडे निराळे असते, आणि ते सांगताना दोन्ही घरांतील अंतर कमी होते. जेवताना तिला हेही सांगावे, की अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरली, ती घडवून आणण्यात आयर्लंडच्या बॉइल गावी जन्मलेल्या मार्गारेट कझिन्स यांचा पुढाकार होता. तिच्या देशाची एक लेक या देशात येऊन इथलीच झाली होती. हे ऐकताना ताटातला बटाटा तिला माहेरचा वाटेल, आणि घर सासरचे वाटणार नाही.