विजेचा शेक आणि व्यायामाचा कागद

गुडघा धरला, मान आखडली किंवा कमरेत उसण भरली की पूर्वी एरंडाचे पान, तापलेल्या विटेचा शेक आणि तेलाचे मालिश यांवर भागत असे. आज त्या जागी ‘दहा सिटिंग करंट घेऊन या’ हा सल्ला तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन पोहोचला आहे, आणि तो देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्या विजेने नेमके काय साधते नि काय साधत नाही, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की वीज ही वेदनेवरील एक उपयुक्त, जपून वापरल्यास निरुपद्रवी, परंतु अल्पजीवी मदत आहे. तिला उपचाराची सुरुवात मानण्यात काही गैर नाही, पण तोच सगळा उपचार समजून तिच्यावर आठवड्यामागून आठवडे पैसे घालण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो रोगी आणि चिकित्सक या दोघांनी मिळून पाडलेला असून तो मोडण्याची जबाबदारीही दोघांचीच आहे.

उपचारकेंद्रातील दृश्य आता सर्वपरिचित झाले आहे. पडद्यांनी विभागलेल्या खाटा, उशाशी यंत्र, गुडघ्याच्या चहूबाजूंस पट्ट्याने आवळून बांधलेले काळे रबरी पॅड आणि त्यांच्याखाली पाण्यात भिजवून पिळलेला स्पंज. ‘काकू, मुंग्या आल्या की सांगा, सोसेल तेवढाच ठेवते’ असे म्हणत मुलगी बटण हळूहळू फिरविते, मुंग्या येतात, पंधरा-वीस मिनिटांनी घंटी वाजते, पॅड सुटतात, आणि येताना कठड्याला धरून चढलेला जिना काकू जाताना पुष्कळ सुखाने उतरतात. जाता जाता हाती मिळालेला व्यायामाचा झेरॉक्स कागद मात्र चौघडी होऊन पर्समध्ये जातो, आणि वाण्याच्या यादीशेजारी महिनाभर सुखरूप राहतो.

जिना सुखाने उतरता आला हे खोटे नव्हे, आणि त्याचा उपहास करण्याचा हेतूही येथे नाही. विजेने दुखणे थांबते ही गोष्ट मनुष्याला वीज म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती; इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सम्राट क्लॉडियसच्या काळी, स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने पायाच्या संधिवातावर असा इलाज लिहून ठेवला आहे की रोग्याने ओल्या समुद्रकिनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडो माशावर, म्हणजे अंगातून विजेचा झटका देणाऱ्या माशावर, पाय ठेवून गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो उभे राहावे. पुढे अठराव्या शतकात वीज बरणीत साठवता येऊ लागली तेव्हा युरोप-अमेरिकेत तिच्या उपचारांचे पीकच आले, आणि पक्षाघाताचे रोगी विजेचे प्रयोग करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनच्या दारी येऊ लागले. या गृहस्थाने १७५७ साली डॉक्टर जॉन प्रिंगल यांना जे पत्र लिहिले, ते आजच्या प्रत्येक उपचारकेंद्राच्या भिंतीवर लावावे अशा योग्यतेचे आहे. झटके दिल्यावर अवयवात ऊब येते, हालचाल थोडी वाढते, परंतु पाचव्या दिवसानंतर सुधारणा पुढे सरकत नाही, रोगी निराश होऊन घरी परततो आणि थोड्याच काळात पूर्ववत होतो, असे त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. इतकेच नव्हे, तर जी तात्पुरती सुधारणा दिसली तीदेखील कितपत विजेची आणि कितपत रोज घरापर्यंत येण्याजाण्याच्या श्रमाची व बरे होण्याच्या आशेची, हे आपणास सांगता येत नाही, अशीही कबुली त्याने दिली. स्वतःच्या इलाजाविषयी इतक्या निर्ममतेने लिहिणारे तेव्हाही विरळ होते.

या अनुभवाला शास्त्रीय उपपत्ती मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी असे प्रतिपादन केले की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मज्जारज्जूत एका द्वारातून जातो, आणि स्पर्श व दाब यांच्या जाड तंतूंमधून येणाऱ्या संवेदना ते द्वार काही अंशी बंद करू शकतात. कोपर दारावर आपटताच आपण ते आपसूक चोळतो, त्याचे मर्म हेच. दोनच वर्षांनी वॉल यांनी शस्त्रवैद्य विल्यम स्वीट यांच्यासह विद्युत्प्रवाहाने मनुष्याची वेदना काही काळ नाहीशी करून दाखविली, आणि त्या प्रयोगासाठी प्रथम स्वतःच्याच चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर प्रवाह घेतला. खिशात मावणारे ‘टेन्स’ यंत्र हे त्याच विचाराचे फळ. आपल्याकडे ‘आयएफटी’ म्हणून ज्याचा गवगवा आहे, ते ऑस्ट्रियात हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात प्रचारात आणलेले तंत्र किंचित वेगळे: पॅडच्या एका जोडीतून सेकंदाला ४००० आवर्तनांचा आणि दुसऱ्या जोडीतून समजा ४१०० आवर्तनांचा प्रवाह सोडला की जेथे ते एकमेकांस छेदतात तेथे १०० आवर्तनांचे स्पंदन उत्पन्न होते, आणि अशा जलद प्रवाहाला त्वचेचा विरोध कमी असल्याने कातडीला टोचल्यासारखे फारसे होत नाही.

उपपत्ती सुंदर आहे. परंतु ती वेदना शमण्याची उपपत्ती आहे, झिजलेला सांधा किंवा दुर्बल झालेला स्नायू सुधारण्याची नव्हे, आणि सगळी गफलत येथेच होते. ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने टेन्स चालू असताना व त्यानंतर लगेच वेदना कमी होते, असा निष्कर्ष काढला. याउलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी आणि २०२२ साली संधिझिजेसाठी टेन्स व आयएफटी देऊ नये असे सांगितले, तर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली दीर्घकालीन कंबरदुखीच्या नियमित उपचारातून टेन्सला वगळले, कारण पुरेशा फायद्याचा भरवशाचा पुरावा त्यांना दिसला नाही. या दोन निवाड्यांत वाटतो तितका विरोध नाही. पंधरा मिनिटांनी बरे वाटले काय, हा एक प्रश्न झाला. रोग्याच्या हाती कायमचे काही लागले काय, हा दुसरा. शिवाय खऱ्या उपचाराने मुंग्या येतात आणि खोट्याने येत नाहीत, हे रोग्यापासून लपविता येत नसल्याने आशेचा वाटा किती, हा फ्रँकलिनचा प्रश्न अद्यापि पुरता सुटलेला नाही. रोज तोच प्रवाह तितकाच दिला असता चार-पाच दिवसांत शरीर त्याला सरावू लागते, हेही प्रयोगांत दिसून आले आहे.

मग ही यंत्रे मोडीत काढावीत काय? मुळीच नाही. सत्तरीच्या गृहस्थांना डायक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ घालून त्यांचे जठर आणि मूत्रपिंड धोक्यात आणण्यापेक्षा तासभर मुंग्या परवडल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू आज्ञा ऐकेनासा होतो, तेव्हा विजेने त्याला आकुंचन पाववून जागे करणे हा तर निराळा आणि पुष्कळ सबळ उपयोग आहे. ज्याला दुखण्यामुळे पाय सरळ करवत नाही, त्याला तो सरळ करण्याचे धैर्य वीज देते. आणि येथेच तिचे खरे स्थान दिसते. वेदना शमलेला तो अर्धा-पाऊण तास म्हणजे व्यायामाची घटका होय, आणि आपण नेमकी तीच रिक्षाने घरी जाण्यात घालवितो.

असे का होते, याचे कारण अर्थकारणात आहे, तसे आपल्या स्वभावातही आहे. चार खाटांवर चार यंत्रे लावली की एक मदतनीस चौघांना सांभाळू शकते, पण एकाच रोग्याला अर्धा तास उठाबशा, पाऊल टाकणे, तोल सावरणे शिकविण्यास एक शिकलेला माणूस पूर्णवेळ अडकतो. आणि त्या शिकलेल्या माणसाने खरोखरच यंत्र न लावता हातपाय हलवून घेतले, तर रोगी बाहेर येऊन म्हणतो, ‘काही केलंच नाही हो, नुसता व्यायाम सांगितला आणि पैसे घेतले!’ यंत्राला दिवे असतात, काटे असतात, त्यामुळे त्याचा मेहनताना वाजवी वाटतो. ज्ञानाला दिवे नसतात. वास्तविक आपल्याकडे भौतिकोपचाराची ही विद्या उभी राहिली ती माणसांच्या हातांवर. १९५०च्या दशकाच्या आरंभी परळच्या केईएम रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, तेव्हा पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करण्याचे काम डोळ्यांसमोर होते, आणि पंधरा मिनिटांच्या मुंग्यांनी कोणते मूल चालू लागले असते?

एका गोष्टीची दखल सरकारदरबारी अवश्य घेतली जावी. महाराष्ट्रात भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्यासाठी कायदा होऊन नोंदणीसाठी परिषद अस्तित्वात आली. तरीही गावोगावच्या मंगल कार्यालयांत ‘मोफत शिबिरे’ भरतात, वृद्धांच्या पायांखाली कंप देणारी किंवा झटके देणारी यंत्रे ठेवली जातात, आणि आठवड्याच्या अखेरीस तीच यंत्रे ‘सवलतीत’ गळ्यात मारली जातात. कोणाच्या छातीत पेसमेकर आहे, कोण गरोदर आहे, कोणास फेफरे येते, मधुमेहाने कोणाचे तळवे बधिर झाले आहेत, हे तेथे विचारलेही जात नाही. आणि बधिर कातडीवर सुकलेल्या स्पंजातून प्रवाह गेला तर भाजल्याचे रोग्याला कळतसुद्धा नाही. यंत्र विकण्यापूर्वी ही चौकशी करणे बंधनकारक करून त्याची तपासणी होण्यास कोणती अडचण आहे, हे संबंधित खात्याने सांगावे.

वाचकांस विनंती इतकीच की दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी चिकित्सक नोंदणीकृत आहे की नाही याची खातरजमा करावी, आपले सर्व आजार त्याच्या कानी घालावेत, आणि पॅड सुटल्यानंतर मी कोणता व्यायाम किती वेळा करावयाचा, तो आजच माझ्याकडून समोर करवून घ्या, असा आग्रह धरावा. ‘ते नंतर पाहू, आधी करंट पुरा होऊ द्या’ असे उत्तर मिळाले, तर निःसंकोचपणे दुसरा दवाखाना गाठावा.