बर्फ नसलेला हिवाळा आणि डबल ट्रॉली

डिसेंबर आला की ऑफिसच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे मनालीचे प्लॅन आणि दुसरी म्हणजे बर्फावरून घसरत एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ. मग टायरला साखळी कशी बांधायची, 'ब्लॅक आइस' म्हणजे काय, यावर तावातावाने चर्चा. यातले निम्मे लोक पुढच्याच शुक्रवारी रात्री पुण्याहून सांगली-कोल्हापूरकडे गावी निघणार असतात. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर काय असतं, यावर मात्र कुणी काही बोलत नाही.

तर मुद्दा असा की विंटर ड्रायव्हिंग आपल्याकडेही आहे. फक्त त्याचं नाव आहे गळीत हंगाम.

माझं गाव बिद्री, तालुका कागल. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर, मुदाळतिट्ट्याच्या अलीकडे. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना इथलाच. साधारण नोव्हेंबरमध्ये बॉयलर पेटला की पुढचे चार महिने हा सगळा भाग ऊस वाहतो. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, सगळं रात्रंदिवस चालू. आणि नेमके हेच थंडीचे महिने. नदीकाठी पहाटे धुकं असं बसतं की पुढच्या गाडीचा नंबर सोडा, गाडीच दिसत नाही.

बर्फाळ देशातला ब्लॅक आइस धोकादायक का, तर तो दिसत नाही. रस्ता नुसता ओला वाटतो. आमच्याकडे फडातून पाणंदीने बाहेर पडणारा ट्रॅक्टर टायरला चिकटलेली काळी माती डांबरावर सोडत जातो. दुपारी ती वाळून धूळ होते. पहाटे तिच्यावर दव पडलं की लोण्यासारखी घसरडी. वर सांडलेला, चाकाखाली चेंगरलेला ऊस आणि वाढं. मोटरसायकलवाल्याला एवढं पुरे आहे.

जरा गणित मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येतो. ताशी ६० च्या वेगात तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाता. काहीतरी दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर तिथेच संपले. नंतर कोरड्या डांबरावर थांबायला साधारण २० मीटर, चिखलाच्या रस्त्यावर ४५ ते ५० आणि बर्फावर १४० च्या आसपास. म्हणजे चिखलात एकूण सत्तरच्या वर. आणि डिप्परच्या उजेडात अंधारात उभी, न चमकणारी ट्रॉली ओळखू येते जेमतेम ५० मीटरवर. पुढचं सांगायला नको. एबीएस गाडी सरळ ठेवायला मदत करतं, चिखल कोरडा करत नाही.

हाच हिशेब ताशी ४० ला केला तर एकूण ३८ मीटरमध्ये गाडी थांबते. ३० ला २४ मीटरमध्ये. एवढ्या एका फरकावर माणूस घरी पोचतो.

म्हणून बर्फातले नियम जसेच्या तसे इथेही लागू. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. ब्रेक आणि स्टेअरिंगला झटका नाही. धुक्यात अप्पर मारू नये, सगळा उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. पुढच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करण्याआधी त्याच्या पुढे दुसरा ट्रॅक्टर आहे असंच धरून चालायचं, कारण बहुतेक वेळा असतोच. आणि शक्य असेल तर पहाटे चारला निघण्यापेक्षा सातला निघा.

पण सगळा भार चालवणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. 'सांभाळून चालवा' असा बोर्ड लावून तिथलं सरकार मोकळं झालेलं नाही. तारीख ठरलेली, नियम ठरलेला. आपला गळीत हंगामही थोड्याफार फरकाने याच महिन्यांतला. कधी सुरू होणार हे आधी जाहीर होतं, कारखान्यांना त्यासाठी गाळप परवाना घ्यावा लागतो. मग नियमाचं काय?

नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०४ प्रमाणे ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर हवेत. दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, पेपरात फोटोही येतात. गंमत अशी की रिफ्लेक्टर ट्रॉलीच्या पत्र्यावर लागतो आणि ऊस पत्र्याच्या मागे हातभर लोंबत असतो. भरलेल्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर उसाआड गेला की तो असून नसल्यासारखाच.

उपाय साधा आहे. चमकणाऱ्या कापडाची रुंद पट्टी, ऊस भरून झाल्यावर मोळ्यांवरून मागे लटकवायची. आणि ती लटकलीय की नाही हे बघायची जागा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. प्रत्येक गाडी तिथे भरलेली एकदा आणि रिकामी एकदा येतेच. आमच्या भाषेत सांगायचं तर मँडेटरी फील्ड भरल्याशिवाय फॉर्म सबमिट होता कामा नये. पट्टी नसेल तर गाडी रांगेतून बाजूला, काट्यावरच पट्टी विकत घ्या, मग वजन. हे राज्यातल्या सगळ्याच कारखान्यांनी करावं, आणि गाळप परवान्याची अट म्हणून सरकारने लावावं.

'ट्रॅक्टरवाला आधीच कर्जात, त्याला कशाला छळता?' असं कुणी म्हणेल. मान्य, तो कर्जात असतोच. पण पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या मागे, चाकाला दगड लावून अंधारात उभा असतो तोही तोच. पहाटेच्या थंडीत टायरगाडीवर डोक्याला मफलर गुंडाळून फडाकडे निघालेली ऊसतोड टोळी, पोराबाळांसकट, त्याच रस्त्यावर असते. ती पट्टी कारवाल्यांच्या आधी त्यांच्यासाठी आहे. खर्च परवडत नसेल तर कारखान्याने द्यावी, एका ट्रॉलीतल्या उसापुढे तिची किंमत काहीच नाही.

आणि आपण, म्हणजे पुण्याहून जाणारे? आपल्याला बर्फात गाडी चालवायची वेळ आयुष्यात एकदा येईल. गळितातल्या रस्त्यावर दर हिवाळ्यात येते. मनालीच्या साखळ्यांचे भाव नंतर बघू. आधी या शुक्रवारी गाडीचे मागचे लाईट लागतात का, तेवढं उतरून बघा.