वळणावर ओरडणारं चाक

गाडी सरळ चालते तोवर गप्प असते. इचलकरंजीच्या मलाबादे चौकात उजवीकडे वळवली की मागच्या चाकातून किर्रर्र आवाज येतो, सरळ झाली की थांबतो. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की बहुतेक ठिकाणी जागेवरच निकाल लागतो: ‘ब्रेकचे लायनर गेलेत मालक, बदलून टाकू.’ लायनर बदलले जातात, बिल होतं आणि पुढच्या वळणावर तोच आवाज पुन्हा येतो. लायनरचा दोष कधी असतोही. पण आवाज फक्त वळतानाच येतो हा या तक्रारीतला सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तोच तपासल्याविना सुटून जातो.

वळताना गाडीत काय होतं ते पाहू. गाडी डावीकडे वळली की तिचा भार उजव्या चाकांवर जातो; उजवीकडे वळली की डाव्या. भारासोबत चाकाला आडवा रेटाही बसतो. चाकाचं बेअरिंग घट्ट असेल तर काही बिघडत नाही. ते सैल झालं असेल तर चाक केसभर कलतं. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत मागे ड्रम ब्रेक असतो आणि बेअरिंग त्या ड्रममध्येच बसवलेलं असतं. म्हणजे बेअरिंग सैल झालं की ड्रमच कलतो, त्याची कड आतल्या ब्रेक-शूला किंवा मागच्या पत्र्याला घासते आणि लोखंड ओरडतं. इथे नवे लायनर टाकून काय साधणार? ड्रम कलतच राहणार.

मागे डिस्क ब्रेक असेल तर संशयित वेगळे. डिस्कमागचं पातळ पत्र्याचं कव्हर वाकलेलं असतं, किंवा कव्हर आणि डिस्क यांच्यात बारीक खडा अडकलेला असतो. पॅडला एक छोटी पोलादी जीभ असते. पॅड झिजलं की ती डिस्कला टेकून मुद्दाम ओरडते. ड्रम असो वा डिस्क, हँडब्रेकची केबल गंजून अडकली तर ब्रेक पूर्ण सुटतच नाही, तेव्हा चाक सतत घासत राहतं आणि वळणावर तो आवाज वाढतो.

इचलकरंजीत आणखी एक कारण विसरता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं. ज्या गाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभ्या राहतात, त्यांचं इंजिन आणि सीट लोक साफ करून घेतात. मागचं चाक सहसा कोणी उघडत नाही. बेअरिंगचं सील जुनं असेल तर आत गढूळ पाणी जातं, ग्रीस खराब होतं, बारीक गाळ गोळ्यांच्या वाटेत बसतो. गाडी धावते, आणि कित्येक महिन्यांनी आवाज सुरू होतो. तोवर पुराची आठवण कुणाच्या डोक्यात नसते. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ती पुरात उभी होती का, हे विचारून घ्यावंच. मिस्त्रीलाही ते सांगावं.

या गावाला यंत्राचा आवाज ऐकायला शिकवावं लागत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या माग ऐकत वाढल्या. माग दुरुस्त करणारा चांगला जॉबर शेडमध्ये पाऊल टाकताच सांगतो, कुठला माग बिघडलाय. तो आधी उभा राहून ऐकतो, मग मागाला हात लावतो आणि लागलाच तर पान्याला. गाडीच्या बाबतीत हाच क्रम आपण का सोडला, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ऐकायचं कसं? मोकळं मैदान गाठा. काच खाली करा, रेडिओ बंद. मागच्या सीटवर मिस्त्रीला बसवा. सावकाश डावीकडे गोल फिरा, मग उजवीकडे. डावीकडे वळताना ओरडत असेल तर पहिला संशय उजव्या चाकावर. तसंच वळत असताना ब्रेकला हलकासा पाय लावा. आवाज एकदम थांबला तर शू किंवा पॅड सैल घासत असण्याची शक्यता मोठी; फरकच पडला नाही तर बेअरिंग, पत्रा किंवा खडा. बेअरिंग मात्र किंचाळण्याआधी बरेच दिवस घुमत असतं, तेव्हा तसा घूं आवाज येत होता का हे आठवा. मग पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून मागचं चाक जॅकवर घ्या. वरून आणि खालून धरून हलवा. खटखटलं तर दोष बहुधा तिथेच. हाताने फिरवताना अडलं तर केबल किंवा व्हील सिलिंडर पाहा. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा आवाज दोन-चार ब्रेक मारल्यावर गेला तर तो फक्त गंज; त्यासाठी काही उघडू नका.

एवढ्या तपासाला अर्धा तास तरी लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे. आपण नव्या लायनरचे पैसे बिनतक्रार देतो, पण ‘काही बदललं नाही, फक्त खडा काढला’ असं म्हणून मिस्त्रीने तीनशे रुपये मागितले की भांडतो. मग त्याने शोधायचं कशासाठी? माल बदलला तरच मजुरी मिळणार असेल, तर तो मालच बदलणार. शोधून काढण्याची मजुरी वेगळी ठरवावी, ती बिलात वेगळी लिहावी आणि गिऱ्हाइकाने आनंदाने द्यावी, असं माझं ठाम मत आहे. कबनूरपासून यड्रावपर्यंतच्या गॅरेजवाल्यांनी दारात तसा फलक लावला तर मी त्यांच्या बाजूने बोलेन.

सरकार तपासेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. टॅक्सी-टेम्पोला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला लागतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची; तोवर तिचे ब्रेक कोणी बघत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार असुरक्षित गाडी चालवणं हा गुन्हा आहे, पण ते कलम बहुधा अपघात झाल्यावरच आठवतं. आणि सैल बेअरिंग शेवटी चाकच अडकवतं किंवा निखळवतं. उसाच्या ट्रॉल्यांमधून हातकणंगल्याच्या रस्त्याने जाताना तसं झालं तर काय होईल, हे सांगायला नको.

मिस्त्री ड्रम उघडेल तेव्हा एक गोष्ट कृपा करून पाळा. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती भुकटी फुप्फुसात कायमची बसते. ड्रमपाशी वाकलेला पोरगा दिवसभर तीच श्वासात घेतो. ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि दोन मिनिटं जास्त लागली तर थांबा.

— सारथी