गाणं शेअर केलंत, आता हरकतही लिहा

रॅप ऐकणाऱ्या, कार्यक्रमांना गर्दी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. मुंबईतल्या आरे जंगलातल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात गातात. जंगलात ज्यांचं घर आहे त्यांचाच आवाज बीटवर ऐकू आला, आणि आरे ही निव्वळ बातमी राहिली नाही.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने आरेतल्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. झाडतोडीवर हजारो लेखी हरकती देऊनही हे झालं, मग लिहून उपयोग काय, असं कुणी विचारेल. पण सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली तीसुद्धा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची! गाण्याने माणसं जागी होतात. महापालिकेत आणि कोर्टात मात्र कागदच लागतो.

म्हणून कळकळीची विनंती. रस्त्याने जाताना झाडाच्या खोडावर ते तोडण्याची नोटीस डकवलेली दिसली, तर पुढे जाऊ नका. नोटिशीचा, खोडाचा, झाडावर रंगवलेल्या क्रमांकाचा फोटो काढा. हरकतीला अनेकदा जेमतेम आठवडा मिळतो, तेव्हा मुदत आधी वाचा. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या नावे अर्ज करा: झाड कोणतं, फांद्यांवर कुणाची घरटी आहेत, झाड वाचवून काम कसं होऊ शकेल. पोच घेतल्याशिवाय हलू नका. फॉरवर्ड झालेल्या मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा स्वतः पाहून लिहिलेले चार मुद्दे झटकून टाकणं अवघड जातं, असं मला ठामपणे वाटतं.

संगीतकारांनो, तुमच्याकडे मागणं थोडं जास्त आहे. वारली आदिवासींचं तारपा हे वाद्य वाळवलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून घडतं. त्याचा सूर ट्रॅकमध्ये घेतलात, तर वाजवणाऱ्याचं नाव छापा, मानधन द्या आणि त्याच्या पाड्यावर संकट आलं की तिथे जाऊन उभे राहा. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये मिनिटभर थांबा. या वॉर्डात कुठल्या झाडांवर नोटीस लागली आहे, मुदत कधी संपते, ते माइकवरून सांगा. दारात कोरे कागद आणि पेनं ठेवा. पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरली असेल, तर आयोजकांशी आजच बोला.