खाणीला हवा, घराला भिंत

माझं गाव चिखला, भंडारा जिल्ह्यातलं मँगनीजचं गाव. इथल्या भूमिगत खाणीत उतरणाऱ्या मजुराच्या श्वासाची दखल कायद्याने घेतली आहे. धातू खाणींसाठीच्या १९६१ च्या नियमावलीप्रमाणे कामाच्या जागी हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याहून जास्त असता कामा नये. हा नियम रोज पाळला जातो, असं मी म्हणत नाही. पण नियम आहे, म्हणून मजूर त्यावर बोट ठेवून भांडू शकतो.

माझी खाला लग्न होऊन मुंबईला गेली. आता ती गोवंडीत एका पुनर्वसन इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. भर दुपारी घरात ट्यूबलाइट. खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर आणि मधल्या बोळात कचरा. ती म्हणते, "बेटा, झोपडी गळायची, पण ऊन तरी यायचं." तिच्या घरातल्या हवेसाठी बोट कुठल्या नियमावर ठेवायचं?

हे एका घराचं रडगाणं नाही. महापालिकेच्या याच एम पूर्व विभागात 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तीन वसाहतींचा अभ्यास केला: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. तिथे क्षयरोगाचं प्रमाण मोकळ्या रचनेच्या पीएमजीपीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. खालच्या मजल्यांवर धोका अधिक. वस्ती गरिबांचीच, विभागही तोच; इमारतींची मांडणी मात्र वेगळी.

ही मांडणी अपघाताने झालेली नाही. मुंबईच्या विकास नियमावलीतलं कलम ३३(१०) झोपडपट्टी पुनर्वसनाला लागू होतं. इतर इमारतींना सक्तीची असलेली मोकळी जागा इथे सवलतीच्या नावाखाली कमी करता येते. २०३४ पर्यंतच्या आराखड्यासोबत आलेल्या नियमावलीत हेक्टरी किमान ६५० घरांची अट आहे. पुन्हा वाचा: किमान. घरटी पाच माणसं धरली तरी हेक्टरी सव्वातीन हजार. शिवाय पुनर्वसनाचं बांधकाम जितकं जास्त, तितकं बिल्डरला विक्रीसाठी जास्त बांधता येतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्रामला जे सांगाल तेच तो करतो. या नियमाला दाटी करायला सांगितलं होतं. त्याने दाटी केली.

"फुकटात घर मिळालं, वर तक्रार?" असं विचारणारे आपल्यातही आहेत. घर फुकट नाही. त्याची किंमत त्याच जमिनीवरच्या विक्रीच्या फ्लॅटमधून वसूल होते. उरलेली किंमत रहिवासी फुप्फुसांनी भरतात. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण बुडालेली मजुरी कोण देतं? बरा झालेला माणूस परत त्याच खोलीत जातो, त्याचं काय?

आता थोडं आपल्याविषयी. गोवंडी-मानखुर्दमध्ये आपली मोठी वस्ती आहे. कब्रस्तानच्या जागेसाठी आपण मोर्चे काढतो, आणि काढलेच पाहिजेत. पण जिवंत माणसाच्या हवेसाठी एकही निवेदन नाही? शेजाऱ्याला इजा पोहोचवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग शेजाऱ्याचं ऊन अडवणारी भिंत आपल्याला इजा का वाटत नाही? हा प्रश्न मुसलमानांपुरता नाहीच. त्याच बोळात दलित, उत्तर भारतीय, मराठी सगळे खोकतात. म्हणूनच तो आपण सगळ्यांना सोबत घेऊन मांडायला हवा.

घाई करायलाही कारण आहे. धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचं ठरलं आहे. म्हणजे नवी दाटी पुन्हा एम पूर्वमध्येच.

मागण्या तीनच. घनतेला किमान नव्हे, कमाल मर्यादा हवी. सर्वांत खालच्या मजल्यावर ऊन आणि वारा किती पोहोचेल याचा हिशेब नकाशासोबत सक्तीचा हवा. हे गणित आज साधा लॅपटॉप करतो. आणि त्यावर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय बांधकामाला परवानगी नको.

जमिनीखालच्या माणसाला हवेचा हक्क देता येतो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईलाही देता येईल. मात्र तो आपण मागितला पाहिजे.