सेन्सर गेला म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय सॉफ्टवेअरचा वाटणार नाही, पण आहे.

आमच्या नांदेड-लातूरकडे 'सेन्सर गेला' हे दोन शब्द हल्ली 'नजर लागली'सारखे वापरतात. पोकलेन ताकद धरेना? सेन्सर गेला. धूर टाकतंय? सेन्सर. सकाळी चालूच होईना? तेच. एकदा हे म्हटलं की पुढं विचारायची सोय नाही. कुठला सेन्सर, कशावरून गेला, मोजून पाहिला का... असलं विचारणारा 'लई शहाणा' ठरतो. मग नवा सेन्सर येतो, बसतो, मालक पैसे मोजतो आणि चार दिवसांनी पिवळा दिवा पुन्हा हजर!

(पुणेकर मित्रांसाठी: साखळीवर चालणारं, जागच्या जागी गोल फिरणारं ते पोकलेन. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं एक्स्कॅव्हेटर पोकलेनच. जसा वनस्पती तुपाचा डालडा.)

यात एवढं चिडण्यासारखं काय? सांगतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. त्याच उन्हाळ्यात मांजरा नदीचं पात्र लोकवर्गणीतून खोल केलं गेलं, ते याच मशीनांनी. नाला खोलीकरण, शेततळं, गाळ काढणं ही कामं रब्बी निघाल्यावर सुरू होतात आणि पहिल्या मोठ्या पावसाला संपतात. म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने. त्यात मशीन दहा दिवस उभं राहिलं तर बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि ज्याचं शेततळं अर्धं राहिलं त्याच्यासाठी पाऊसही थांबत नाही.

आता सेन्सरकडे येऊ. आजकालच्या इंजिनाचा कंट्रोलर नुसता दिवा लावत नाही, नेमकी तक्रार सांगतो. बऱ्याच मशीनांत ही भाषा जे१९३९ या स्टँडर्डची असते. त्यात दोन आकडे: एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे, आणि एफएमआय म्हणजे तक्रार काय आहे. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे कॉमन रेलमधलं डिझेलचं प्रेशर. एफएमआय ० आला तर आकडा खरा आहे, पण फार जास्त आहे. म्हणजे इंजिन खरोखर तापलंय, आधी रेडिएटर बघा. ३ आला तर सिग्नलचं व्होल्टेज वर गेलंय, ४ आला तर खाली बसलंय. म्हणजे ११०-० आणि ११०-३ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बिचारा सेन्सर खरं बोलतोय, आणि आपण त्यालाच काढून फेकतो!

११०-३ असेल तर तपासणी पाच मिनिटांची आहे. कूलंटचा सेन्सर सहसा दोन तारांचा असतो, आणि गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. त्याचं सॉकेट काढायचं आणि हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या. कोड ३ चा ४ झाला? मग वायरिंग आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर खराब. ३ चा ३ च राहिला? मग तार कुठंतरी तुटलीय, नवे दहा सेन्सर लावले तरी उपयोग नाही. (तीन तारांच्या प्रेशर सेन्सरवर हा प्रयोग करू नका. तिथं ५ व्होल्टचा सप्लाय असतो आणि तो बऱ्याचदा इतर सेन्सरांनाही जातो. म्हणूनच कधी एका सेन्सरच्या शॉर्टमुळं चार कोड एकदम येतात, आणि मालकाला चार सेन्सरांचं बिल येतं.)

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाचं मशीन अहमदपूरजवळ नऊ दिवस उभं होतं. मॉनिटरवर कंपनीचा स्वतःचा एक आकडा, त्याचा अर्थ कुठं लिहिलेला नाही. डीलरचा माणूस पाचव्या दिवशी आला. त्याच्या लॅपटॉपवर ११०-३ लख्ख दिसत होतं. त्यानं सेन्सर बदलला, कोड पुसला, व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. संध्याकाळी कोड परत. शेवटी नांदेडहून वायरिंगवाले मामू आले. मल्टीमीटर आणि टॉर्च, बाकी काही नाही. तार इंजिनाच्या ब्रॅकेटवर घासून तुटली होती. काळ्या मातीची धूळ, दिवसभराचे हादरे आणि चव्वेचाळीस डिग्री, यात आधी मरतं ते वायरिंग. हे मामूंना कळतं. पण कोड वाचायचं सॉफ्टवेअर मामूंना मिळत नाही. ज्याच्याकडे सॉफ्टवेअर त्याला तपासायचं नाही, आणि ज्याला तपासता येतं त्याच्याकडे पासवर्ड नाही!

ही नुसती माझी कुरकुर नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देणं. पुढं अपिलं झाली ती वेगळी कथा. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. बांधकामाच्या मशीनचं नाव त्यात वेगळं नाही. अमेरिकेत कोलोरॅडोनं २०२३ मध्ये शेती यंत्रांसाठी कायदा केला, तो २०२४ पासून लागूही झाला. आमचं पोकलेन शेतात खणत असलं तरी ते अवजारही नाही आणि धड वाहनही नाही. धन्य!

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: उघडं केलं तर लोक प्रदूषणाच्या सेटिंगशी खेळतील. अहो, कोड वाचणं आणि कंट्रोलरचा प्रोग्रॅम बदलणं या दोन गोष्टी आहेत. बदलायला लावा की कुलूप! सर्व्हरवर रीड आणि राइट परवानगी वेगळी असते, हे आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात फ्रेशरलाही शिकवतात. मॉनिटरवर एसपीएन, एफएमआय आणि प्रत्येक सेन्सरचं चालू व्होल्टेज दाखवायला नवा हार्डवेअर लागत नाही. ही माहिती कंट्रोलरकडे आधीच आहे, आणि मशीनचे पैसे मालकानं दिलेत.

आणि आपण? नांदेड-लातूरमधून दरवर्षी ढिगानं इंजिनिअर बाहेर पडतात, त्यात इन्स्ट्रुमेंटेशनवालेही आले. निम्मे माझ्यासारखे हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या कुणाच्या तरी सर्व्हरचे लॉग वाचतात. लॉगमध्ये एरर दिसला म्हणून सर्व्हरच बदलून टाकू, असं कुणी म्हटलं तर त्याला मीटिंगमधून हाकलतील. गावाकडे मात्र तेच चालतं आणि आम्ही सुट्टीत मान डोलावून येतो.

मामूंना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून एसपीएन-एफएमआयचा मराठी तक्ता करायला घेतलाय. कूलंट, ऑइल, बूस्ट आणि रेल प्रेशर एवढं झालंय. क्रँक सेन्सर बाकी आहे. पुढच्या शनिवारी इथंच टाकतो. प्रिंट काढून केबिनमध्ये चिकटवा, आणि कुणी 'सेन्सर गेला' म्हणालं की आधी दोन आकडे मागा.