चिपीचे विमान आणि आपला वाटा

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईची फेरी बंद पडली. मधली तीन वर्षे म्हणजे ‘उडान’ या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या अनुदानाची नेमकी मुदत. त्यानंतर आपल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनांनी निवेदने दिली, पुढाऱ्यांच्या भेटी घेतल्या, दोषांची वाटणीही यथासांग झाली. हिशेब मात्र फार थोड्यांनी मांडला.

‘उडान’च्या विमानात साधारण निम्म्या जागा मर्यादित भाड्याने विकाव्या लागतात, योजनेच्या आरंभी तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपये होती. खर्च आणि भाडे यांतली तूट निविदेत ठरलेल्या दराने भरून मिळते, त्यात राज्याचा वाटा २० टक्के. बाकीचा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवरील आकारणीतून येतो; म्हणजे मालवणला येणाऱ्याच्या तिकिटाला दिल्ली-मुंबई करणाऱ्याचा हातभार असतो. तीन वर्षांनी तो थांबतो. २०२३ च्या ‘कॅग’ अहवालानुसार ‘उडान’च्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी मुदत पुरी केली आणि त्यापुढे ५४च तगले.

चिपीला शेजारही अवघड मिळाला. जानेवारी २०२३ पासून गोव्यातले मोपा विमानतळ सुरू झाले. तिथे मोठी विमाने, अनेक कंपन्या, आणि बांदा-दोडामार्गच्या माणसाला तेच जवळ. मुंबईकर तर रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये झोपून सकाळी कुडाळला उतरतो. शिवाय आपला हंगाम दिवाळी ते मे. पावसाळ्यात तारकर्लीचे स्कूबा बंद, आणि ढग खाली उतरले की विमानाचाही भरवसा नाही. कागदावरची तीन वर्षे आपल्या धंद्यात तीन हंगामच भरतात, एवढ्यात नवी वाट रुळत नाही. म्हणून मुदतवाढीची मागणी रास्तच आहे. पण वाढीव मुदतही कधीतरी संपणार. मग तूट कोणी भरायची?

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या स्टीमबोट स्प्रिंग्ज या स्कीइंगच्या गावाने मुक्कामावर वेगळा कर बसवला आणि त्यातून विमानकंपन्यांना किमान उत्पन्नाची हमी दिली. जागा रिकाम्या राहिल्या तर फरक गाव भरणार.

दोन खोल्यांच्या निवास-न्याहारीवाल्याला अशी हमी झेपणार नाही, त्याच्याकडे मागूही नये. मोठी रिसॉर्टे आणि मुंबई-पुण्याचे सहल आयोजक मिळून आठवड्यातल्या एक-दोन फेऱ्यांवर ठरावीक जागा आगाऊ उचलू शकतात. मात्र कोणत्या महिन्यात किती पाहुणे विमानाने आले, हे आधी कळायला हवे. आपल्या नोंदवहीत ‘कुठून आलात’ असते, ‘कशाने आलात’ नसते. तो रकाना या हंगामापासून आखा आणि मे अखेरीस आकडे संघटनेकडे द्या. विमानकंपनीशी बोलताना निवेदनापेक्षा ते अधिक कामी येतील.